अन्नपचन

खाल्लेल्या अन्नाचे शरीराला शोषता येतील अशा साध्या घटकांत रूपांतर करणे आणि उरलेले मळाच्या रूपाने बाहेर टाकणे, या क्रियेला अन्नपचन म्हणतात. ती तोंडापासून गुदद्वारापर्यंतच्या अन्नमार्गात घडते. लाळग्रंथी, यकृत, पित्ताशय व स्वादुपिंड तिला मदत करतात. सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगा चटणी घेऊन ही क्रिया चांगली समजते, कारण त्या दोहोंत मिळून पिष्ट, प्रथिने, मेद आणि तंतू असे चारही घटक भरपूर आहेत.

कडक भाकरी म्हणजे ज्वारीची पातळ थापून, भाजून पूर्ण वाळवलेली भाकरी. ती मोडून नीट चावल्याशिवाय घशाखाली उतरतच नाही आणि तेच तिचे बलस्थान आहे. लाळेतील अमायलेज हे विकर (अन्नाचे विघटन घडवणारे प्रथिन) ज्वारीच्या पिष्टाचे तुकडे करून साखर मोकळी करू लागते. म्हणून बराच वेळ चावलेला घास गोडसर लागतो. आमटीत चुरलेली भाकरी भिजते, पण भराभर गिळली तर लाळेला पुरेसा वेळ मिळत नाही. गिळलेला घास अन्ननलिकेच्या लाटेसारख्या आकुंचनाने काही सेकंदांत जठरात जातो.

जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पेप्सिन हे विकर प्रथिनांचे विघटन सुरू करतात. चटणीतल्या शेंगदाण्यांत जवळपास निम्मे तेल असते आणि मेद जठर रिकामे होण्याचा वेग कमी करतो. सकाळी भाकरी-चटणी खाऊन मागावर बसलेल्याला दुपारपर्यंत भूक आवरते, त्यामागे हेही एक कारण आहे. तिखटाने जठरात व्रण होतो, ही समजूत मात्र चुकीची आहे. आधीच व्रण असेल तर तिखटाने जळजळ वाढू शकते. पण बहुतेक व्रण हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूमुळे किंवा वेदनाशामक गोळ्यांच्या सततच्या वापरामुळे होतात. हा जिवाणू शोधणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पचनाचे मुख्य काम लहान आतड्यात चालते. तेलकट लगदा तिथे पोचला की पित्ताशय आकुंचन पावून पित्तरस सोडते. पित्तात पाचक विकर नसते. ते तेलाचे बारीक थेंब करते आणि मग स्वादुपिंडाचे लायपेज त्यांवर काम करते. उरलेले पिष्ट आणि प्रथिनेही इथेच साखर आणि अमिनो आम्लांपर्यंत मोडली जातात. आतल्या अस्तरावर असंख्य रसांकुर, म्हणजे बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे, असल्यामुळे शोषणाचा पृष्ठभाग प्रचंड वाढतो. साखर आणि अमिनो आम्ले रक्तातून आधी यकृताकडे जातात. बहुतांश मेद मात्र लसिकावाहिन्यांच्या (लसिका हा द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या) वाटेने रक्तात मिसळतो.

मोठ्या आतड्याला केवळ मोरी समजणे अन्यायाचे आहे. खाणेपिणे आणि पाचकरस मिळून रोज सुमारे ९ लिटर द्रव आतड्यांत येतो. त्यातला बहुतेक लहान आतडे शोषते, साधारण दीड लिटर मोठ्या आतड्यात पोचतो आणि मळातून जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर बाहेर पडतो. ज्वारीचे तंतू माणसाच्या विकरांना दाद देत नाहीत. इथले जिवाणू त्यांतले काही आंबवून लघुशृंखला मेदाम्ले बनवतात. आतड्याच्या पेशींचे ते महत्त्वाचे इंधन आहे. पोटातला बराचसा वायूही याच आंबण्यातून येतो.

मळ म्हणजे फक्त न पचलेले अन्न नव्हे. त्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणी असते. उरलेल्यात जिवाणूंचा वाटा मोठा असतो, शिवाय तंतू, थोडा मेद आणि अस्तराच्या गळलेल्या पेशी असतात. तपकिरी रंग येतो तो जुन्या तांबड्या रक्तपेशींतील हिमोग्लोबिनच्या विघटनातून. प्रथिनांच्या वापरातून निघणारा युरिया मात्र मूत्रपिंडांवाटे जातो.

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळीशी ओलांडतो. घामावाटे पाणी जाते, ते भरून निघाले नाही तर मळ कोरडा होतो. संवेदना होऊनही शौच वारंवार टाळल्यास मळ आत जास्त वेळ राहतो, त्यातले आणखी पाणी शोषले जाते आणि कुंथावे लागते. ज्वारीतल्या तंतूंचा बद्धकोष्ठात उपयोग होतो तोही सोबत पाणी पुरेसे प्यायले तरच. डांबरासारखा काळा मळ जठरातल्या रक्तस्रावाची, तर पांढुरका मळ पित्तमार्गातल्या अडथळ्याची खूण असू शकते. दोन्हींत घरगुती काढ्यावर न थांबता डॉक्टरांना दाखवावे.