सुहूर सन म्हणजे हिजरी सन नव्हे, आता तरी थांबा

गावाच्या इतिहासाची स्मरणिका हातात आली की मी पहिल्यांदा सनदेचं साल बघतो आणि दहातल्या पाच वेळा तरी ते साफ चुकलेलं असतं. कागद अस्सल, वाचनही बरोबर, फक्त सन सुहूर होता आणि कुणीतरी तो हिजरी समजून मोबाईलवरच्या कन्व्हर्टरमध्ये टाकला.

हिजरी सगळ्यांना माहितीये. चांद्र वर्ष, 354-355 दिवसांचं, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. झालं, त्यावर जास्त बोलत नाही.

सुहूर (कुणी शुहूर म्हणतं, कुणी अरबी सन) हे सौर वर्ष, सूर्य मृगात गेला की बदलतं म्हणजे जूनच्या सुरुवातीला. शेतसारा पिकावर आणि पीक पावसावर, चांद्र वर्ष धरलं तर वसुली पिकाच्या आधीच दारात येऊन उभी राहील, म्हणून हा खटाटोप. 745 साली, म्हणजे 1344 मध्ये, दोन्ही सन जुळलेले होते, तिथून पुढे साधारण दर 33 वर्षांनी हिजरी एकेक वर्ष पुढे पळत गेला आणि थोरल्या माधवरावांच्या वेळी हे अंतर तेरा वर्षांवर आलं.

आता खरी गोम. आपल्या मराठी कागदावर तारीख असते 'छ 12 रमजान' अशी ('छ' म्हणजे चंद्र, मुसलमानी तारखेची खूण) आणि साल असतं 'सन सबा सितैन मया व अलफ'. महिना मुसलमानी, आकडे अरबी, मग माणूस म्हणणारच की हे सगळं हिजरी! पण नाही. तारीख आणि महिना हिजरी पंचांगातला, वर्ष मात्र सुहूर, एकाच ओळीत दोन कालगणना बसवल्यात आणि कारकुनाला त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं, कारण त्याचं रोजचंच काम होतं ते.

वरचंच उदाहरण घ्या. आधी एकं, मग दहं, मग शेकडा असं वाचायचं. सबा 7, सितैन 60, मया 100, अलफ 1000, झाले 1167. मृगापासून डिसेंबरपर्यंतचा कागद असेल तर 599 मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतचा असेल तर 600. म्हणजे हे वर्ष 1766-67. त्या वर्षातला रमजान आला फेब्रुवारीत, म्हणून कागद फेब्रुवारी 1767 चा. हाच आकडा हिजरी म्हणून टाकलात तर उत्तर येतं जुलै 1754.

आमच्या शेजारच्या गावात नेमकं हेच झालं. देवळाच्या इनामाचा कागद, वर शिक्क्यात माधवराव बल्लाळ, आणि जीर्णोद्धाराच्या संगमरवरी पाटीवर कोरलं 1754. अहो, 1754 मध्ये माधवराव नऊ वर्षांचे होते, पेशवेपद मिळालं 1761 ला! शिक्का वाचला, साल काढलं, पण दोन्ही शेजारी ठेवून कुणी बघितलंच नाही.

फसली सनाचं (हाही महसुलासाठीचाच सन) सोपं आहे, आपल्या दक्षिणेतला फसली सुहूरपेक्षा 9 ने जास्त, उत्तरेतला वेगळा, त्याच्या वाटेला जाऊ नका. शकाला 78 मिळवा, जानेवारीपासून पुढच्या चैत्रापर्यंतच्या कागदाला 79. समान 8 आणि समानीन 80, सबा 7 आणि सबैन 70, एवढी घसरगुंडी सांभाळा. आणि एक झटपट ओळख: नुसतं 'अलफ' असेल तर सतरावं शतक, 'मया व अलफ' म्हणजे अठरावं, 'मयातैन' (200) दिसलं की कागद 1799 च्या मृगापासून पुढचा. एवढ्यावरसुद्धा निम्म्या चुका जागीच पकडल्या जातात.

माझा हट्ट एकच आहे, साल छापताना कागदातले मूळ शब्द जसेच्या तसे छापा आणि रूपांतर त्याच्या खाली द्या. तुमचं गणित चुकलं तरी पुढचा माणूस दुरुस्त करेल, नुसतं 1754 छापलंत तर त्याने काय पकडायचं? तारीख जंत्रीत (वेगवेगळ्या सनांच्या तारखा शेजारी मांडलेल्या तक्त्यांत) बघा, मोबाईलवरच्या नेहमीच्या हिजरी कन्व्हर्टरला सुहूर कळत नाही. आणि कागद लॅमिनेट करू नका हो, हात जोडतो. गरम प्लास्टिक एकदा चिकटलं की कागद गेलाच. फोटो काढा आणि मूळ कागद कोरडा, उजेडापासून लांब ठेवा. (आणि मोडी ही लिपी आहे. 'मोडी भाषा' म्हणणाऱ्याशी मी वाद घालायचं सोडलंय, नुसता बघत राहतो.)

त्या पाटीचं विचाराल तर कमिटीला मी कागदावर हिशेब मांडून दाखवला, सगळ्यांना पटला, पण दगड पुन्हा कोरायला पैसे कुठून आणायचे. शेवटी चारातल्या दोन आकड्यांवर पांढरा ऑइलपेंट मारून वर काळ्याने 67 काढलंय. उन्हाने रंग उडालाय आणि आता तिरपं बघितलं की दोन्ही सालं दिसतात.