मॉन्स्टरहार्ट्स की मॉन्स्टर ऑफ द वीक: ऑनलाइन टेबल मांडण्याआधी

‘कॉलेजातल्या भुताखेतांचा रोलप्लेइंग गेम सुरू करतोय, कोण येतंय?’ असा मेसेज ग्रुपवर पडला की हात पटापट वर होतात. रोलप्लेइंग गेम म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घेऊन, बोलत-बोलत मिळून रचायची गोष्ट; एक जण ती चालवतो. पण हात वर करणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या डोक्यात मॉन्स्टरहार्ट्स असतो आणि निम्म्यांच्या डोक्यात मॉन्स्टर ऑफ द वीक. हे सहसा पहिल्या सेशनला कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या सेशनला कुणीतरी कंटाळून कॅमेरा बंद करतं, तेव्हा कळतं.

गोंधळ होणं साहजिक आहे. दोन्ही गेम २०१२ च्या सुमाराचे. मॉन्स्टरहार्ट्स अ‍ॅव्हरी अल्डर यांचा. त्याची दुसरी आवृत्ती २०१७ ची, आणि आज खेळायची ती तीच. मॉन्स्टर ऑफ द वीक मायकल सँड्स यांचा. तो जास्त लोकांपर्यंत पोचला ते २०१५ मध्ये एव्हिल हॅट या प्रकाशकाने सुधारित आवृत्ती काढल्यावर. दोघांचा सांगाडा एकच, व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांच्या २०१० सालच्या अपोकॅलिप्स वर्ल्ड या गेममधून आलेला. साधे सहा बाजूंचे दोन फासे टाका, त्यात पात्राचा एखादा गुण मिळवा. दहा किंवा जास्त आले तर काम फत्ते. सात ते नऊ आले तर काम होतं, पण काहीतरी मोजावं लागतं. सहा किंवा कमी आले की गेम चालवणाऱ्याला मोकळं रान. गुण शून्य असेल तर ३६ शक्यतांपैकी दहा किंवा जास्तच्या फक्त ६, सात ते नऊच्या १५ आणि सहा किंवा कमीच्या १५. म्हणजे दोन्ही गेममध्ये निर्भेळ यश दुर्मीळ, आणि मजा सगळी त्या मधल्या सात-ते-नऊमध्ये.

फरक विचारला की ठरलेलं उत्तर येतं: एकात तुम्ही राक्षस असता, दुसऱ्यात राक्षसाची शिकार करता. उत्तर खोटं नाही, पण त्यावर विसंबून टेबल मांडलं की फसायला होतं. मॉन्स्टर ऑफ द वीकमध्ये ‘मॉन्स्ट्रस’ नावाचं प्लेबुक, म्हणजे पात्राचा तयार साचा, आहे. ते घेतलं की तुम्ही स्वतःच व्हॅम्पायर किंवा वेअरवुल्फ, शापासकट, आणि तरीही शिकाऱ्यांच्या टोळीत. उलट मॉन्स्टरहार्ट्समध्ये ‘मॉर्टल’ ही स्किन आहे. त्यांच्याकडे प्लेबुकला स्किन म्हणतात. मॉर्टल हे साधं माणूस, एका राक्षसावर जीव जडलेलं. ‘क्वीन’ या स्किनकडेही दात-नखं असायलाच हवीत असं नाही. तिची ताकद तिच्या टोळक्यात. मॉन्स्टरहार्ट्सच्या पहिल्या आवृत्तीत तर ‘चोझन’ नावाची राक्षसांशी लढणारी स्किन होती, आणि त्याच नावाचं प्लेबुक मॉन्स्टर ऑफ द वीकमध्ये आजही आहे. पात्रांच्या याद्या शेजारी ठेवून कोणता गेम कशाबद्दल आहे हे ओळखायला गेलात तर डोकं भणाणेल.

त्यापेक्षा एक प्रश्न विचारावा: कटकट येते कुठून? मॉन्स्टर ऑफ द वीकमध्ये ती बाहेरून येते आणि खेळाडू एका बाजूला असतात. मॉन्स्टरहार्ट्समध्ये ती शेजारच्या खिडकीत बसलेल्या खेळाडूच्या पात्राकडून येते. बाकी सगळे फरक या एका फरकातून निघतात. तयारी किती करायची, किती जण हवेत, चॅट कसं वापरायचं, नव्या माणसाला काय सांगायचं, सगळे.

आधी सोपा गेम. मॉन्स्टर ऑफ द वीक चालवणाऱ्याला कीपर म्हणतात आणि कीपरला गृहपाठ असतो. एक रहस्य लिहायचं: राक्षस कोण, त्याला हवं काय, त्याचा कच्चा दुवा कोणता, गावातली कोण माणसं यात ओढली जाणार, कुठल्या जागा लागणार. त्यासोबत एक काउंटडाउन, सहा टप्प्यांचा, दिवसापासून मध्यरात्रीपर्यंत. शिकारी आलेच नसते तर काय काय घडलं असतं, ते त्यात लिहायचं. माझ्या मते हा अख्ख्या पुस्तकातला सगळ्यात उपयोगी अर्धा पान मजकूर आहे. खेळाडू भरकटले की काउंटडाउनचा पुढचा टप्पा उलगडायचा, गाडी आपोआप रुळावर येते.

खेळाडूंकडे ‘रहस्याचा तपास’ ही मूव्ह, म्हणजे फासे टाकून करायची ठरलेली कृती, असते. फासे चांगले पडले की ते ठरलेल्या यादीतले प्रश्न विचारतात: इथे काय झालं, हा कसला प्राणी, त्याला काय इजा करू शकतं. कच्चा दुवा सापडल्याशिवाय राक्षस कायमचा मरत नाही, त्यामुळे नुसती हाणामारी करून भागत नाही. प्रत्येक शिकाऱ्याकडे नशिबाचे सात चौकोन असतात. एक खोडला की पडलेले फासे बारा धरले जातात किंवा लागणारा मार टळतो. सातही खोडून झाले की मात्र त्या पात्राचं काही खरं नाही. सेशन संपताना सगळे मिळून हिशेब करतात: रहस्य उलगडलं का, कुणाला मरणातून वाचवलं का, जगाबद्दल किंवा एकमेकांबद्दल काही नवं कळलं का. अनुभवाचे गुण सगळ्यांना सारखे मिळतात. या छोट्या गोष्टीतूनही गेम सांगतो की तुम्ही एक टीम आहात.

आता मॉन्स्टरहार्ट्स. इथे चालवणाऱ्याला एमसी म्हणतात, आणि त्याने कथानक तयार करून यायचंच नाही. पुस्तक त्याला सांगतं की पात्रांचं आयुष्य कंटाळवाणं होऊ देऊ नकोस, आणि गोष्ट रानटीच ठेव, तिला माणसाळवू नकोस. ज्यांनी वर्षानुवर्षं डन्जन्स अँड ड्रॅगन्स चालवलंय त्यांना हे सगळ्यात जड जातं. नकाशा नाही, खलनायक नाही, शेवट ठरलेला नाही. मग बसून करायचं काय? करायचं एवढंच, की पहिल्या सेशनला वर्गाचा बसण्याचा तक्ता काढायचा. कोण कुठल्या बाकावर, शेजारी कोण, मागून पाठीत पेन टोचणारा कोण. पात्रांच्या मधल्या रिकाम्या बाकांवर एमसी वर्गातली इतर मुलं बसवतो आणि प्रत्येकाबद्दल एखादी ओळ टेबलाला विचारतो. पुढच्या कित्येक सेशनचा मालमसाला या एका तक्त्यातून निघतो. मूळ तक्ता अमेरिकी हायस्कूलच्या होमरूमचा, म्हणजे हजेरीच्या वर्गाचा, आहे, पण अकरावीच्या वर्गात तो जसाच्या तसा बसतो. कोचिंग क्लासची मागची रांग तर त्यासाठीच बनल्यासारखी आहे.

गुण चार: हॉट, कोल्ड, व्होलाटाइल, डार्क. यात ताकद नाही, चपळाई नाही, बुद्धीही नाही. मूव्हसुद्धा तशाच: कुणाला आपल्याकडे ओढायचं, कुणाला सगळ्यांसमोर गप्प करायचं, अंगावर जायचं, पळून जायचं, स्वतःला सावरायचं, अंधारात टक लावून बघायचं. आणि या सगळ्याखाली स्ट्रिंग्ज. स्ट्रिंग म्हणजे दुसऱ्याच्या मनावर तुमची असलेली पकड, मोजून ठेवलेली. ती खर्च करून त्याच्याविरुद्धच्या फाशांत एक मिळवता येतो, त्याच्यावर एखादा शिक्का मारता येतो, किंवा ‘माझं ऐकलंस तर तुला अनुभवाचा गुण’ असं आमिष दाखवता येतं. हे आमिष फार धूर्त आहे. जबरदस्ती कुणीच करत नाही, पण गुण हवा असतो, आणि आपलं पात्र नको तिथे पाऊल टाकतं. सोळाव्या वर्षी माणूस जसा वागतो तसंच.

स्ट्रिंग्ज पात्र तयार करतानाच वाटल्या जातात आणि तिथेच प्रत्येक स्किनचा स्वभाव दिसतो. व्हॅम्पायर देखणा आहे, म्हणून त्याला प्रत्येकावर एक स्ट्रिंग मिळते. वेअरवुल्फला आडपडदा नाही, म्हणून तो स्वतःवरची एक स्ट्रिंग सगळ्यांना देऊन टाकतो. भूत कसं मेलं हे कुणा एकाला ठाऊक असतं. त्या माणसाकडे भुतावर दोन स्ट्रिंग्ज. एकही सीन व्हायच्या आत कोण कुणाच्या मुठीत आहे हे कागदावर लिहिलेलं असतं.

प्रत्येक स्किनची एक काळी बाजूही असते, डार्केस्ट सेल्फ. भुताची मला सगळ्यात जास्त आवडते. त्या अवस्थेत ते कुणालाच दिसत नाही, कुणालाच जाणवत नाही. वस्तू हलवू शकतं, बस. सुटका कधी? कुणीतरी त्याचं अस्तित्व मान्य करून ‘तू आम्हाला हवा आहेस’ हे दाखवून देतं तेव्हा. वेअरवुल्फ लांडगा होऊन समोर येईल त्याला लोळवत सुटतो, आणि ज्याच्यावर खरं प्रेम आहे त्यालाच जखमी करतो किंवा सूर्य उगवतो तेव्हा भानावर येतो. ही सुटका बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या हातात असते. म्हणजे कालपर्यंत ज्याच्याशी भांडलात, त्याच्याच दारात आज उभं राहायचं.

इथवर वाचून मॉन्स्टरहार्ट्स खेळावासा वाटला असेल तर एक गोष्ट आधी. कुणाबद्दल ओढ वाटावी हे इथे पात्राचा खेळाडू ठरवत नाही; समोरच्याचे फासे ठरवतात. स्वतःच्या लैंगिकतेचा अंदाज नसलेल्या वयाबद्दलचा हा गेम आहे आणि हा नियम मुद्दाम तसा केलेला आहे. शिवाय प्रत्येक स्किनला शरीरसंबंधाशी जोडलेली एक मूव्ह आहे. पात्रं शाळकरी आहेत, म्हणून माझ्या टेबलावर ती मूव्ह नसते. आणि अनोळखी लोकांबरोबर ऑनलाइन खेळणार असाल तर हे जाहिरातीतच लिहावं. खेळाडू मात्र सगळे प्रौढच हवेत. तुमचा चुलतभाऊ दहावीत असेल तर त्याला मॉन्स्टर ऑफ द वीकमध्ये घ्या, इथे नको.

पहिलं सेशन फाशांशिवाय, नुसतं बोलण्याचं. रॉन एडवर्ड्स यांच्या लाइन्स अँड व्हेल्स पद्धतीने दोन याद्या करायच्या: टेबलावर येणारच नाही असं काय, आणि आलं तरी पडद्याआड राहील असं काय. शिवाय जॉन स्टॅव्ह्रोपोलोस यांचं एक्स-कार्ड. ऑनलाइन ते जास्तच सोपं पडतं: चॅटमध्ये नुसतं एक्स टाकायचं, सीन तिथेच थांबतो, कारण कुणी विचारायचं नाही. मॉन्स्टर ऑफ द वीकलाही हे लागतं, पण तिथे पंधरा मिनिटांत आटोपतं. मॉन्स्टरहार्ट्समध्ये अख्खी संध्याकाळ द्यावी. समोरासमोर बसलेलो असताना चेहरा पडलेला दिसतो. चार इंचांच्या खिडकीत दिसत नाही. म्हणून या गेमला कॅमेरे चालू ठेवायचा आग्रह मी धरतो. मॉन्स्टर ऑफ द वीकला धरत नाही, तिथे कुणी गाडीत बसून नुसत्या आवाजावर खेळलं तरी चालतं.

साधनांची चिंता लोक नको तितकी करतात. ऑनलाइन टेबल मांडून देणारं रोल२० असो वा फाउंड्री, दोन्हींकडे अपोकॅलिप्स घराण्यातल्या गेमसाठी पात्रांचे तयार कागद मिळतात. डिस्कॉर्डवर फासे टाकणारा बॉट आणि एक शेअर केलेली स्प्रेडशीट एवढ्यावरही दोन्ही गेम उत्तम चालतात. फक्त स्प्रेडशीटमध्ये काय असतं ते वेगळं. मॉन्स्टर ऑफ द वीकमध्ये ती पुराव्यांची वही असते: कुणी काय पाहिलं, कोण खोटं बोललं, कुठली खोली अजून उघडलेली नाही. मॉन्स्टरहार्ट्समध्ये एकच चौकोनी तक्ता लागतो, आडव्या-उभ्या दोन्ही बाजूंना पात्रांची नावं, आत कुणाच्या कुणावर किती स्ट्रिंग्ज. तो सगळ्यांना सतत दिसला पाहिजे. स्ट्रिंग्ज आपापल्या कागदावर लपून राहिल्या की लोक त्या वापरायलाच विसरतात, आणि मग उरतात नुसत्या कॉलेजच्या गप्पा.

खासगी मेसेजचंही असंच. शिकारीच्या गेममध्ये कीपरने एकालाच कानात काही सांगितलं तर मजा येते. मॉन्स्टरहार्ट्समध्ये तसं शक्यतो करू नये. पात्रांची गुपितं पात्रांपासून लपवा, खेळाडूंपासून नको. सगळ्यांसमोर खेळलेलं गुपित कधी फुटणार याची वाट सगळे मिळून बघतात, आणि पात्रांची भांडणं माणसांच्या अंगाला चिकटत नाहीत.

माणसं किती? मॉन्स्टरहार्ट्सला एमसी सोडून तीन, फार तर चार. पाचवा आला की दोन पात्रांच्या भांडणात उरलेले तिघे प्रेक्षक होतात, आणि ऑनलाइन प्रेक्षक म्हणजे दुसऱ्या टॅबमध्ये काहीतरी उघडणारा. मॉन्स्टर ऑफ द वीक पाच जणांना झेपतो, कारण टोळी एकाच दिशेने धावते. एखादा गैरहजर राहिला तरी ‘तो आज दवाखान्यात’ म्हणून निभावतं. मॉन्स्टरहार्ट्समध्ये ज्याच्याशी कालचं भांडण अर्धवट राहिलंय तोच नसेल तर सेशन पुढे ढकललेलं बरं. पुणे, लंडन आणि न्यू जर्सी अशी तीन ठिकाणची माणसं असतील तर भारतातली शनिवारची रात्री साडेआठ सोयीची: उन्हाळ्यात लंडनला दुपारचे चार, न्यू जर्सीला सकाळचे अकरा. त्यांची घड्याळं हिवाळ्यात एक तास मागे जातात, आणि दोन्हीकडची एकाच दिवशी जात नाहीत. तो मधला आठवडा आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवा.

ग्रुपमध्ये दोघांना शिकार हवी आणि दोघांना नाती, असं झालं तर मॉन्स्टर ऑफ द वीक घ्या आणि सगळे शिकारी एकाच कॉलेजातले करा. तिथे प्रेमप्रकरणं आणि रुसवेफुगवे खुशाल मावतात. रहस्य पुढे सरकत राहतं. उलटं करायला जाऊ नका. मॉन्स्टरहार्ट्स थोडा थंड पडला की एमसीला मोह होतो, बाहेरून एक मोठा राक्षस आणावा. आणला की काय होतं ते ठरलेलं आहे: सगळे एकमेकांचे हेवेदावे विसरून एकत्र येतात, स्ट्रिंग्ज तशाच पडून राहतात, आणि ज्या गेममध्ये लढाईचे धड नियमही नाहीत त्यात तुम्ही लढाई चालवत बसता. मोह आवरत नसेल तर तो राक्षस वर्गात आणा. क्वीनचा सावत्र भाऊ म्हणून नवीन ॲडमिशन द्या आणि तक्त्यातल्या वेअरवुल्फशेजारच्या बाकावर बसवा.