शेपूची भाजी (मराठवाडा)

शेपू या पालेभाजीची मराठवाड्यात घरोघरी होणारी भाजी. मुगाची डाळ घालून सुकी करतात नाहीतर तुरीची डाळ घोटून पातळ, आणि दोन्ही ज्वारीच्या भाकरीसोबतच खाल्ल्या जातात. रब्बीच्या दिवसांत पेंडी स्वस्त आणि कोवळी मिळते, विहिरीला पाणी असेल तिथे इतर वेळीही मिळते. वावरात शेपूला वेगळा तुकडा क्वचितच देतात, कांद्याच्या वाफ्याच्या बांधावर नाहीतर मेथी-कोथिंबिरीच्या शेजारी बी फोकून देतात आणि महिना-सव्वा महिन्यात काढणी होते. भाजी बहुतेकांना लहानपणापासून माहिती असते, पण हे झाड नेमकं कोणतं यावर अभ्यासकांमध्ये बराच काळ मतभेद आहेत, आणि चवीचा प्रश्न तिथेच येऊन थांबतो म्हणून ते आधी सांगितलेलं बरं.

शेपू आणि बडीशेप दोन्ही गाजर, कोथिंबीर, जिरं, ओवा यांच्याच कुळातल्या. वनस्पतींना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने १७५३ साली दोघींना अ‍ॅनेथम या एकाच प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) बसवलं होतं, पुढे मिलर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७६८ मध्ये बडीशेपेला फिनिक्युलम व्हल्गेर असं वेगळं नाव दिलं आणि शेपू अ‍ॅनेथम ग्रॅव्हिओलेन्स म्हणून राहिला. इथपर्यंत वाद नाही. वाद आहे तो भारतीय शेपूचा. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख राहिलेले रॉक्सबर्ग यांना इथला शेपू युरोपातल्यापेक्षा वेगळा वाटला, आणि त्यांनी दिलेलं अ‍ॅनेथम सोवा हे नाव १८१०च्या सुमारास फ्लेमिंग यांच्या भारतीय औषधी वनस्पतींच्या यादीतून छापलं गेलं. वेगळेपणाच्या बाजूने सांगतात ते असं की भारतीय शेपूचं फळ (ज्याला आपण बी म्हणतो) जास्त अरुंद आणि फुगीर असतं, त्याच्या कडेचे पंख बारीक असतात, अंगावरच्या उभ्या शिरा फिक्या आणि ठळक दिसतात. विरुद्ध बाजूचं म्हणणं की एवढे फरक लागवडीतल्या निवडीनेही पडतात. आता बहुतेक याद्यांमध्ये दोन्ही एकाच जातीत धरतात आणि सोवा हा तिचा भारतीय प्रकार मानतात. तेच जास्त पटणारं आहे. मात्र प्रकार वेगळा आहे ही गोष्ट विसरून चालत नाही, कारण बियांच्या तेलात फरक मोठा पडतो, युरोपीय शेपूच्या तेलात कार्व्होन आणि लिमोनीन ही वासाची द्रव्यं भरपूर, तर भारतीय शेपूच्या तेलात डिलॅपिऑल नावाचं जड द्रव्य बऱ्याच प्रमाणात सापडतं जे तिकडच्या शेपूत जवळजवळ नसतं. बडीशेपेत या सगळ्यापेक्षा वेगळं अ‍ॅनेथोल असतं, तिचा गोडसर वास त्याचाच.

मूळ स्थान भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडचा प्रदेश ते पश्चिम आशिया असं साधारण मानलं जातं. भारतात हे झाड कधी आलं याचा काळ संस्कृत वैद्यकग्रंथांवरून लावतात, पण तिथे अडचण अशी की ग्रंथांतली शतपुष्पा म्हणजे शेपू की बडीशेप यावर टीकाकारांचंच एकमत नाही. सोळाव्या शतकाच्या आसपासच्या भावप्रकाशात शतपुष्पा आणि मिश्रेया वेगवेगळ्या दिल्या आहेत, त्यावरून पहिली शेपू आणि दुसरी बडीशेप असं धरणं सयुक्तिक वाटतं. काश्यपसंहितेत शतपुष्पा आणि शतावरी यांच्यावर एक अख्खा अध्याय आहे, त्यातली शतपुष्पा स्त्रियांच्या आरोग्याशी जोडलेली आहे, आणि आपल्याकडे बाळंतिणीला जेवणानंतर चघळायला देतात ती बाळंतशेप शेपूचंच बी आहे. याने मूळ ग्रंथाचा प्रश्न सुटतो असं नाही, पण परंपरेचा कल शेपूकडे दिसतो.

आता भाजी. शेपूच्या पाल्याचा वास उडून जाणाऱ्या तेलांचा असतो, फेलँड्रीन आणि डिल ईथर ही त्यातली महत्त्वाची. ही तेलं पाण्यापेक्षा गोड्या तेलात चांगली उतरतात आणि जास्त शिजवलं की निघून जातात. म्हणून पाला पाण्यात उकळून पिळून टाकायची जी सवय काही घरांत आहे ती या भाजीला अजिबात लागू नये, उग्रपणा जातो हे खरं पण भाजीही त्यासोबत जाते. ज्यांना शेपू आवडत नाही त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी तो एकतर असा पिळलेला खाल्लेला असतो किंवा जून झालेला.

पेंडी घेताना देठ नखाने दाबून बघतात, कट्कन तुटला तर कोवळा आणि दोरा निघाला तर जून. फुलाचा पिवळा तुरा दिसायला लागलेली पेंडी घेऊच नये. कोवळे देठ पाल्यासोबतच ठेवायचे, जाड तेवढे काढायचे, धुऊन पूर्ण निथळू द्यायचं आणि मगच बारीक चिरायचं, कारण चिरून धुतलं तर वास पाण्यात आणि भाजी लगद्यात. दोन पेंड्यांना मूठभर मुगाची डाळ पुरते, ती तासभर आधी भिजवलेली. लोखंडी कढईत तेल (मराठवाड्यात पूर्वी सर्रास करडीचं असायचं, अजूनही काही घरं घाण्यावरून आणतात) चांगलं तापवून जिरं, भरपूर ठेचलेला लसूण आणि हिरवी मिरची टाकायची, लसूण कडेने लालसर झाला की निथळलेली डाळ परतायची, पाण्याचा हबका मारून झाकण ठेवायचं. डाळ बोटाने दाबली तर दबते पण अजून आख्खी आहे अशा वेळी शेपू घालायचा. एकदम ढीग दिसतो आणि दोन-तीन मिनिटांत कढईच्या तळाशी बसतो, मीठ तो बसल्यावर घालायचं नाहीतर अंदाज हमखास चुकतो. त्यानंतर चार-पाच मिनिटं, झाकण न ठेवता, बस. हिरवा रंग काळपट व्हायच्या आत उतरवायची. दाण्याचं कूट शेवटी घालतात, काही जण नाही घालत, पण उग्र पेंडी असेल तर कुटाने चव खूप सावरते.

पातळ भाजीला तुरीची डाळ आणि शेपू एकत्र शिजवून घोटतात, थोडं बेसन किंवा ज्वारीचं पीठ लावतात, आख्खे शेंगदाणे टाकतात आणि वरून लसणाची फोडणी. त्यात चुका मिसळला की आंबटपणाने शेपूचा उग्रपणा दबतो, ही जोडी विशेष चांगली आहे आणि मेथी-शेपूपेक्षा जास्त व्हायला पाहिजे. लातूर-धाराशिवकडे वेळअमावस्येला वावरात जेवायला नेतात त्या भज्जीत मिळतील त्या पालेभाज्या पडतात, काही घरी शेपूही पडतो. ज्वारीच्या पिठात शेपू मळून वाफवलेले मुटके करतात. संभाजीनगर, नांदेडच्या मुस्लिम घरांत शेपूला सोया म्हणतात आणि तो खिम्यात घालतात, हैदराबादी स्वयंपाकाची ही ओळख निजामाच्या राज्यापासूनची, मराठवाडा १९४८ पर्यंत त्याच राज्यात होता.

बडीशेपेची भाजी इथे रूढ नाही. परसात बियांसाठी लावलेल्या झाडाचा कोवळा पाला मात्र शेपूसारखाच करता येतो, फक्त अ‍ॅनेथोलमुळे भाजी गोडसर होते, त्यामुळे मिरची वाढवायची, कूट कमी करायचं आणि शक्यतो अर्धा शेपू मिसळायचा. मोठ्या शहरांतल्या सुपरमार्केटात पांढरा गड्डा मिळतो तो बडीशेपेचाच इटालियन प्रकार. तो कंद नाही, पानांचे फुगलेले बुडखे एकावर एक बसलेले असतात. त्याची भाजी पीठ पेरून उत्तम होते. गड्डा उभा चिरून मधला कडक भाग काढायचा, पातळ फोडी मोठ्या आचेवर तेलात परतून कडा तांबूस होऊ द्यायच्या, मग मिरची, हळद, मीठ घालून झाकून मऊ करायच्या आणि शेवटी भाजलेलं बेसन पेरायचं, सुटलेलं पाणी ते ओढून घेतं. वर लिंबू पिळायचं. गड्ड्याच्या टोकाचा हिरवा पाला चिरून कोथिंबिरीच्या जागी वापरता येतो. बियांसाठी गुजरात-राजस्थानात पिकवतात किंवा परसात लावतात त्या बडीशेपेला असा गड्डा धरत नाही, त्यामुळे झाड उपटून काही हाती लागत नाही, गड्डा पाहिजे असेल तर त्या प्रकाराचं बी वेगळं मागवून थंडीच्या तोंडाशी लावावं लागतं, उन्हाचा तडाखा बसला की गड्डा भरायच्या आधीच झाड तुऱ्यावर येतं.