धर्मानंद कोसंबींनी आपली श्रद्धा कशी ताडून पाहिली

पाली आणि बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांच्या मनात बुद्ध शिरला तो मुलांच्या एका मासिकातून. १८७६ साली गोव्यातल्या साखवाळला जन्मलेला, घरची नारळाची बाग सांभाळणारा हा तरुण ‘बालबोधमेवा’तलं बुद्धाचं छोटंसं चरित्र वाचून भारावला. तेवढ्यावर त्याचं समाधान झालं नाही. बुद्धाचा धर्म मुळातून समजून घ्यायचा, म्हणून १८९९ च्या अखेरीस तो घराबाहेर पडला. मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी होती. त्या दोघींनी काय सोसलं, हे विसरून या शोधाचं कौतुक करू नये असं मला वाटतं.

आधी पुणं, मग काशी. तिथे अन्नछत्रात जेवून संस्कृतचा अभ्यास. तिथून नेपाळ गाठलं, तर धर्माची अवस्था पाहून निराशाच पदरी पडली. दुसरा कोणी असता तर तिथूनच परतला असता. कोसंबी बोधगयेवरून पुढे सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला गेले आणि कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविर या ज्येष्ठ भिक्खूंपाशी पाली, म्हणजे जुन्या बौद्ध ग्रंथांची भाषा शिकले. पुढे ब्रह्मदेशात राहिले. १९१० पासून अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनाचं काम केलं. भिक्खूंची गुरूच्या तोंडून शिकण्याची परंपरा आणि पाश्चात्त्यांची, हस्तलिखितं ताडून मूळ पाठ ठरवण्याची पाठचिकित्सा, दोन्ही त्यांनी आपल्याशा केल्या.

या तयारीचं फळ म्हणजे बुद्धाच्या गृहत्यागाची त्यांनी मांडलेली हकीकत. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी दिसले नि सिद्धार्थ मध्यरात्री गुपचूप निघाला, ही कथा आपल्या सगळ्यांच्या मनात रुतलेली आहे. कोसंबींनी ती जुन्या सुत्तांशी, म्हणजे बुद्धाच्या पाली उपदेशवचनांशी ताडून पाहिली. ‘अरियपरियेसन सुत्ता’त बुद्ध स्वतः सांगतो की आईवडील रडत होते, त्यांचे चेहरे आसवांनी भिजले होते, तेव्हा आपण केस उतरवून निघालो. मग गुपचूप कसला? ‘अत्तदंड सुत्ता’त तो म्हणतो, थोड्या पाण्यातल्या माशांसारखी तडफडणारी, एकमेकांशी भांडणारी माणसं पाहून मला भय वाटलं. यावरून कोसंबींनी शाक्य (बुद्धाचं कुळ) आणि शेजारचे कोलिय यांच्यामधल्या रोहिणी नदीच्या पाणीतंट्याकडे बोट दाखवलं. रोहिणीचा हाच तंटा पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये गृहत्यागाचं कारण म्हणून येतो. ज्या बुद्धासाठी घर सोडलं, त्याच्याच चरित्रातला सर्वांत लाडका प्रसंग बाजूला ठेवायला किती धैर्य लागलं असेल!

त्यांची नजर बौद्ध ग्रंथांपुरतीच राहिली नाही. अमेरिकेत त्यांनी समाजवाद वाचला, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास भोगला. ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात प्राचीन जैन श्रमणांच्या (साधूंच्या) मांसाहाराची चर्चा केल्यामुळे जैन समाजाचा मोठा रोष त्यांच्यावर ओढवला. तरीही जैनांचे तीर्थंकर पार्श्वनाथ यांच्या चातुर्याम धर्माबद्दलचा (अहिंसा, सत्य, अस्तेय आणि अपरिग्रह या चार व्रतांबद्दलचा) त्यांचा आदर कमी झाला नाही. त्यावर त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिलं. शरीर थकल्यावर अन्न सोडून देह ठेवण्याची जैनांची वाट या पालीच्या पंडितानं आपली मानली, आणि ४ जून १९४७ रोजी सेवाग्राममध्ये त्याच वाटेनं ते गेले.