पिंजऱ्यातला माइट आणि पक्ष्याच्या अंगातला माइट

बजरीगार या छोट्या पाळीव पोपटाच्या चोचीच्या कोपऱ्यात पांढरट भुकटी दिसू लागली, तर पक्ष्यांच्या दुकानात सांगतात, ‘माइट्स झालेत.’ पक्षी रात्रभर पिंजऱ्यात फडफडत राहिला, तरी तेच सांगतात. दोन्ही वेळी बहुधा एकच बाटली हातात ठेवली जाते. निदान चुकीचं असतंच असं नाही. पण माइट हे एकाच जिवाचं नाव नाही, आणि आपल्या घरातल्या छोट्या पक्ष्यांना छळणारे दोन मुख्य माइट इतके वेगळे आहेत की एकावरचा इलाज दुसऱ्याला लागूच पडत नाही. एक राहतो पिंजऱ्यात, दुसरा राहतो पक्ष्याच्या कातडीत. औषध कोणतं, हे विचारण्याआधी तो राहतो कुठे, हे विचारायला हवं.

दोघंही कीटक नव्हेत. आठ पायांचे, गोचीड आणि कोळी यांच्या गोतावळ्यातले. आपल्याकडे शेतकरी ‘लाल कोळी’ म्हणतात तो भेंडी-वांग्याच्या पानांचा रस शोषणारा, त्याचा पक्ष्यांशी संबंध नाही. इथे ज्याला लाल माइट म्हणायचं तो डर्मानिसस गॅलिनी, रक्त पिणारा. आणि दुसरा नेमिडोकॉप्टिस पिली, चोचीभोवती खपल्या आणणारा. त्याला आपण खपलीचा माइट म्हणू.

लाल माइटची ओळख मला पक्ष्यांकडून झाली नाही, माझ्याच हातावर झाली. मार्च महिना होता. कोपरापासून मनगटापर्यंत बारीक लाल पुरळ, भयंकर खाज. डास समजून मी आठवडाभर मच्छरदाणी लावली. त्याच सुमारास बजरीगारच्या जोडीतली मादी मडक्यात बसेनाशी झाली. पिंजऱ्यात टांगलेलं ते मातीचं मडकं तिचं आवडतं, आत चार अंडी, आणि ही बाहेर दांडीवर, अंग चोरून, झोपेचं खोबरं झालेल्या माणसासारखी. दिवसा तिला हातात घेऊन पिसं फुंकून पाहिली, काही नाही. कातडी स्वच्छ.

तिथेच बहुतेकांची फसगत होते. लाल माइट दिवसा पक्ष्याच्या अंगावर नसतोच. अंधार पडला की फटीतून निघतो, पक्ष्यावर चढतो, तासाभरात पोट भरून परत फटीत. मोठ्यात मोठा एक मिलिमीटरचा, खसखशीच्या दाण्याएवढा. उपाशी असताना राखाडी, रक्त प्याला की लाल, मग पचत जाईल तसा काळपट. त्यामुळे त्याला शोधायचं तर पक्षी नव्हे, पिंजरा शोधायचा, आणि तोही रात्री.

मी केलं ते असं. रात्री पिंजऱ्यावर पांढरं धुतलेलं सुती कापड टाकलं, दिवे मालवले. दोन तासांनी टॉर्च घेऊन कापडाची आतली बाजू उलटली. आधी वाटलं धूळ आहे. मग ती धूळ चालायला लागली. मडकं बांधलेल्या सुतळीच्या गाठीवर टिश्यू दाबून फिरवला, तर त्यावर गंजासारखे तांबूस फराटे उमटले. ते माझ्या पक्ष्यांचं रक्त होतं. दांडीची दोन टोकं जिथे जाळीत अडकतात ती खाच, ट्रेखालचा वर्तमानपत्राचा थर, चोच घासायला टांगलेल्या समुद्रफेसाची मागची बाजू, प्लॅस्टिकच्या वाट्यांचे हूक, सगळीकडे ते होते. हातावरचं पुरळही त्यांचंच. हा माइट माणसाला चावतो, पण माणसाच्या अंगावर राहत नाही, त्याचं बस्तानही बसत नाही.

आले कुठून? एसीच्या बाहेरच्या युनिटमागे कबुतरांचं घरटं होतं. पिल्लं उडून गेली की घरट्यातले माइट उपाशी पडतात आणि जवळचं दुसरं रक्त शोधतात. खिडकीपासून पिंजरा हातभर अंतरावर होता. मुंबई-ठाण्या-पुण्याच्या इमारतींत ज्यांनी पक्षी पाळलेत त्यांनी पिंजऱ्याइतकंच बाल्कनीच्या कोपऱ्यांकडेही बघायला हवं, असं मला तेव्हापासून मनापासून वाटतं.

रक्त थेंबाथेंबाने जातं, पण बजरीगारचं सगळं वजनच तीस-चाळीस ग्रॅम. मोठा पक्षी हळूहळू मलूल होतो, पिल्लं मात्र मडक्यातच फिकी पडून मरतात. उघड्या, पिसं न आलेल्या पिल्लाची कातडी गुलाबी असायला हवी. ती पांढरट दिसली तर त्याच रात्री कापड टाका.

आता दुसरा. खपलीचा माइट डोळ्यांना दिसत नाही. तो अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान, गोलसर, आखूड पायांचा, आणि दिवसरात्र पक्ष्याच्या अंगातच असतो. चोच, चोचीच्या मुळाशी नाकपुड्यांभोवतीचा मेणासारखा पट्टा, डोळ्यांच्या कडा, पाय. आपली नखं ज्या पदार्थाची बनतात त्याच पदार्थाचे हे सगळे भाग, आणि हा माइट त्यातच बोगदे काढत राहतो. सगळा जन्म तिथेच काढतो. पिंजऱ्याच्या फटीत त्याचं काही काम नाही.

आमच्याकडे दुसऱ्या एका घरातून आलेल्या निळ्या नराच्या चोचीच्या कोपऱ्यात मला असंच काहीतरी दिसलं. राळ्याचं टरफल चिकटलं असेल म्हणून नखाने हलकेच काढायला गेले, तर ते निघेना. ते टरफल नव्हतं, कातडीच होती. भिंगातून पाहिलं तेव्हा कळलं. करड्या-पांढऱ्या खपलीत सुईच्या टोकाएवढी छिद्रं, एकाशेजारी एक, मधाच्या पोळ्याची जाळी असावी तशी. हीच या रोगाची खूण. दुसरं काहीही असं दिसत नाही.

आणि पक्षी? मजेत. खात होता, शीळ घालत होता, रात्री शांत झोपत होता. सुरुवातीला खाजही फारशी नसते. लाल माइटचा पक्षी दिवसा निरोगी दिसतो पण रात्री बेचैन असतो, खपलीचा पक्षी चेहऱ्याने आजारी दिसतो पण वागण्यात ठीक असतो. हा फरक मला फार उपयोगी पडला. मात्र वागणं ठीक आहे म्हणून सोडून दिलं तर बोगदे चोचीच्या वाढीच्या जागेपर्यंत पोचतात. मग चोच वाकडी, भुसभुशीत वाढू लागते, पुढे पक्ष्याला दाणा सोलता येत नाही. पायांवर पसरला तर नखं वेडीवाकडी होतात आणि दांडी धरणं अवघड जातं.

तो पसरतोही वेगळ्या रीतीने. लाल माइट चालत येतो, घरट्यातून, जुन्या पिंजऱ्यातून, दुसऱ्या पक्ष्याच्या मडक्यातून. खपलीच्या माइटला पक्ष्याला पक्षी चिकटून राहावा लागतो. बहुतेक वेळा आईबापांकडून तो पिल्लाला मडक्यातच मिळतो आणि कित्येक महिने गुपचूप राहतो. पक्ष्याची ताकद कमी झाली, घर बदललं, दुसरा आजार झाला की मग वर येतो. म्हणून एकाच पिंजऱ्यातल्या पाच पक्ष्यांपैकी एकालाच खपल्या, असं दिसलं तर नवल नाही. पण बाकी चौघांनाही डॉक्टरांकडे न्या.

एक गोष्ट सांगून ठेवते, कारण यावरून उगाच घाबरणारे बरेच भेटतात. अंडी घालायच्या हंगामात बजरीगारच्या मादीच्या नाकपुड्यांवरचा पट्टा तपकिरी, जाड आणि खडबडीत होतो. कधी त्याचा पापुद्रा सुटतो. तो रोग नव्हे. त्यात छिद्रं नसतात, आणि तो त्या पट्ट्यापुरताच राहतो, चोचीच्या कोपऱ्यात किंवा पायांवर येत नाही. तसंच दाण्यांच्या डब्यात पळणारे पांढुरके बारीक जीव रक्त पिणारे नव्हेत. ते धान्यावर जगतात. दाणे दमट झालेत, एवढंच ते सांगतात. दाणे बदला.

इलाजात तर दोघांची दिशाच उलटी आहे. लाल माइटसाठी पक्ष्यावर औषध टाकून पिंजरा तसाच ठेवला तर चार दिवसांनी परिस्थिती जैसे थे, कारण पक्ष्यावर असतात त्याहून कितीतरी जास्त माइट फटीत दबा धरून असतात. पक्षी दुसऱ्या, स्वच्छ पिंजऱ्यात हलवायचे. लाकडी दांड्या, सुतळी, दोऱ्यांची खेळणी, कागद पिशवीत घट्ट बांधून घराबाहेर. मडकं फेकून द्यायचं, दहा-वीस रुपयांसाठी जीव अडकवू नये. लोखंडी जाळी आणि ट्रे बाल्कनीत नेऊन उकळतं पाणी सांधे-सांधे भिजतील असं ओतायचं, मग जुन्या दातब्रशने घासायचं, कडक उन्हात वाळवायचं. एवढ्यावर थांबून मात्र चालत नाही. उबदार हवेत माइटच्या अंड्यातून दोन-तीन दिवसांत पिल्लं बाहेर पडतात आणि आठवडा-दहा दिवसांत तीही अंडी घालू लागतात. म्हणून पाच-सहा दिवसांच्या अंतराने हेच काम निदान तीनदा करायचं, आणि पिंजरा ज्या भिंतीला टेकतो ती भिंत, खिळा, खिडकीची चौकट हेही पुसायचं. रिकामा पिंजरा महिनाभर माळ्यावर टाकून माइट उपासमारीने मरतील हा भरवसा नको. थंड, दमट जागी ते कित्येक महिने उपाशी तग धरतात. माझ्या मादीची चार अंडी त्या हलवाहलवीत गेली. पुढच्या हंगामात तिने नव्या मडक्यात पाच घातली.

खपलीच्या माइटला ही सगळी घासघशी काही करत नाही. त्याला औषध पक्ष्याच्या अंगातून जावं लागतं. आयव्हरमेक्टिन किंवा त्याच्या घराण्यातलं औषध पक्ष्यांचे डॉक्टर मानेवरच्या किंवा पंखाखालच्या उघड्या कातडीवर लावतात, आणि साधारण दोन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा देतात. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेस खपली सुकून गळायला लागते. आमच्या निळ्याचा चेहरा स्वच्छ व्हायला दीड महिना लागला.

हे औषध घरी मोजू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. औषधाच्या दुकानात गाई-म्हशींसाठीचं एक टक्क्याचं इंजेक्शन सहज मिळतं आणि ‘एक थेंब टाका’ असा सल्ला तोंडी फिरत असतो. हिशेब करून बघा. पक्ष्यांना साधारण किलोमागे ०.२ मिलिग्रॅम देतात, म्हणजे ३५ ग्रॅमच्या बजरीगारला ०.००७ मिलिग्रॅम. त्या इंजेक्शनच्या एका थेंबात असतं सुमारे अर्धा मिलिग्रॅम. म्हणजे सत्तरपट. डॉक्टर ते वजन करून, पातळ करून देतात, ते याचसाठी.

खपल्यांवर खोबरेल लावण्याची पद्धत आपल्याकडे आहे. त्याने खपली मऊ पडते, आतला माइट मरेलच असं नाही, आणि तेल नाकपुडीत उतरलं किंवा पिसांना लागलं तर पक्षी नवीनच संकटात सापडतो. पिंजऱ्याला डांबरगोळी टांगणं किंवा कापराची पुरचुंडी बांधणं तर दोन्ही माइटसाठी चुकीचं. पक्ष्याच्या शरीरात फुप्फुसांबरोबर हवेच्या पिशव्या असतात आणि श्वासातून आलेला विषारी वास त्याला आपल्यापेक्षा कितीतरी लवकर बाधतो. झुरळांचा खडू पिंजऱ्याभोवती ओढणं, ढेकणांचा फवारा जाळीवर मारणं, हेही तसंच. माझ्या हातात दुकानातून आलेली बाटली अशीच होती, वर कोणता माइट, कोणतं औषध, किती टक्के, काहीच लिहिलेलं नव्हतं. ती मी उघडली नाही.

डॉक्टरांकडे जाताना लाल माइटचा संशय असेल तर रात्रीच्या कापडावरचे दोन-चार माइट पारदर्शक चिकटपट्टीवर घ्या आणि ती पट्टी कोऱ्या कागदावर चिकटवून न्या. सूक्ष्मदर्शकाखाली लगेच ओळख पटते. खपल्या असतील तर आदल्या दिवशी त्यावर तेल, हळद काहीही लावू नका, खरवडूही नका. डॉक्टर खपलीचा बारीकसा तुकडा स्वतः काढून बघतात, आणि तेल लावलेल्या खपलीवरची ती छिद्रांची जाळी नीट दिसत नाही. पक्षी त्याच्याच रोजच्या पिंजऱ्यात, कापडाने झाकून न्या. प्रवासात त्याला निदान दांडी तरी ओळखीची असते.