'बिग टाउन' : एका मालिकेची पाच नावं

अमेरिकी टीव्हीवरच्या जुन्या मालिकांच्या याद्या चाळल्या, तर १९५०च्या दशकात बातमीदारांवरच्या मालिकांचं पीकच आलं होतं असं वाटतं. 'हार्ट ऑफ द सिटी', 'हेडलाइन स्टोरी', 'सिटी असाइनमेंट', 'बायलाइन स्टीव्ह विल्सन'. प्रत्यक्षात ही चारही नावं एकाच मालिकेची. पाचवं आणि खरं नाव 'बिग टाउन'.

मालिकेचा जन्म रेडिओवरचा, १९३७ सालचा. 'इलस्ट्रेटेड प्रेस' नावाचं वर्तमानपत्र, त्याचा लढाऊ संपादक स्टीव्ह विल्सन आणि 'सोसायटी'च्या, म्हणजे उच्चभ्रू वर्तुळातल्या, बातम्या देणारी लोरेलाय किलबोर्न. भ्रष्ट पुढारी, खंडणीखोर आणि भामटे यांच्याशी दर आठवड्याला दोन हात. सुरुवातीला विल्सनला आवाज दिला तो पडद्यावर गुंडांच्या भूमिकांनी गाजलेल्या नटाने. त्यानेच १९३१च्या एका चित्रपटात असा संपादक रंगवला होता, की खप वाढवण्यासाठी तो जुनं खुनाचं प्रकरण उकरून काढतो आणि त्यापायी माणसं जीव देतात. सहा वर्षांनी तोच नट सत्याचा कैवारी होऊन माइकसमोर उभा राहिला. पुढे या कार्यक्रमाला एक घोषवाक्य चिकटलं : वृत्तपत्रांचं स्वातंत्र्य ही धगधगती तलवार आहे, ती न्यायाने वापरा, उंच धरा, जपा. तलवारीचं पातं खाली येतंय तोवर साबणाची जाहिरात सुरू.

रेडिओचा हा प्रवास १९५२पर्यंत चालला. मधल्या काळात १९४७-४८मध्ये तासा-सव्वा तासाचे चार चित्रपट निघाले, १९५१पासून कॉमिक्सही आलं. त्यामुळे १९५१ साली अमेरिकी घरात स्टीव्ह विल्सन ऐकता येत होता, बघता येत होता आणि वाचताही येत होता.

टीव्हीवर तो आला ऑक्टोबर १९५०मध्ये. ही वार्ताहरांवरची पहिली मालिका नव्हे. आदल्याच वर्षी १९२८च्या एका गाजलेल्या नाटकावरून 'द फ्रंट पेज' टीव्हीवर येऊन काही महिन्यांत गेलीही होती. पण टिकली 'बिग टाउन'. सुरुवातीचे भाग न्यूयॉर्कच्या स्टुडिओतून थेट प्रक्षेपित व्हायचे. नट संवाद विसरला तर तो देशासमोर विसरायचा. विल्सनचा नट पहिली चार वर्षं एकच राहिला, लोरेलाय मात्र एकामागून एक बदलत गेल्या. १९५४ला मालिकेने नेटवर्क, म्हणजे देशभरच्या केंद्रांना कार्यक्रम पुरवणारी कंपनी, बदललं, नायकही बदलला, आणि नवा नायक निर्मिती-दिग्दर्शनही स्वतःच पाहू लागला. १९५६मध्ये पडदा पडला.

इथे एक शब्द सोडवून घ्यायला हवा. विल्सनचं पद 'मॅनेजिंग एडिटर'. त्याचं 'व्यवस्थापकीय संपादक' असं भाषांतर करून आपण मोकळे होतो आणि डोळ्यांसमोर जाहिरातींचे हिशेब बघणारा माणूस येतो. खरं तर तो बातम्यांचा कारभार हाकणारा. आपल्याकडच्या वृत्तसंपादकाला थोडे जास्त अधिकार द्या, तो हा. लोरेलाय ही 'वार्ताहर' म्हणावी, तर मराठी वृत्तपत्रात बातमीवर 'वार्ताहर' छापलं की ती तालुक्याहून आलेली असते आणि 'प्रतिनिधी' छापलं की पगारी माणसाची. लोरेलाय पगारी होती. तेव्हा बातमीदार म्हणणंच बरं.

आता नावांचा गुंता. त्याचं मूळ मालिकेत नाही, परवान्यांत आहे. सप्टेंबर १९४८मध्ये अमेरिकी सरकारी यंत्रणेने नव्या टीव्ही केंद्रांचे परवाने गोठवले, कारण केंद्रांच्या लहरी एकमेकींत मिसळत होत्या. काही महिन्यांची म्हणून घातलेली ही बंदी साडेतीन वर्षं लांबली. देशभरात शंभराच्या आसपास केंद्रं, कित्येक शहरांत तर एकच. एप्रिल १९५२मध्ये बंदी उठली आणि केंद्रांची रीघ लागली. या केंद्रांना दिवसभर दाखवायला काहीतरी हवं होतं. त्याच वर्षी 'बिग टाउन' थेट प्रक्षेपण सोडून हॉलिवुडला गेली, फिल्मवर चित्रित होऊ लागली. फिल्म म्हणजे पुन्हा विकता येणारा माल.

अडचण अशी की मालिका अजून चालू होती. नेटवर्कवर रात्री नवा भाग, त्याचे पैसे मोजणारी साबणवाली कंपनी. आणि त्याच गावात दुसऱ्या केंद्रावर जुना भाग, त्याच नावाने? नव्या मालाची किंमतच पडली असती. तोडगा निघाला नाव बदलण्याचा. सुरुवातीची श्रेयनामावली कापायची, नवी चिकटवायची. आत विल्सन तोच, 'इलस्ट्रेटेड प्रेस' तेच, भामटेही तेच. 'बायलाइन स्टीव्ह विल्सन'मध्ये निदान नायकाचं नाव तरी कबूल केलं होतं. 'हार्ट ऑफ द सिटी' हे तर कुठल्याही मालिकेला चालेल असं नाव.

ही पद्धत त्या काळची सर्रास होती, हे मान्य. 'ड्रॅगनेट'चे जुने भाग 'बॅज ७१४' म्हणून फिरले, 'गनस्मोक'चे 'मार्शल डिलन' म्हणून. पण तिथे एका मालिकेला एक टोपणनाव. इथे चार. वर्तमानपत्रातला कार्यक्रमांचा तक्ता बघून नवी मालिका म्हणून खुर्ची ओढून बसावं आणि समोर गेल्या वर्षीची गोष्ट सुरू व्हावी, याला शिळ्या कढीला ऊत आणणं म्हणतात. सत्याचा डंका पिटणाऱ्या मालिकेनेच हे करावं, हे मला आजही खटकतं. व्यापाराची गरज म्हणून सोडून देणारे पुष्कळ आहेत. त्यांना एवढंच विचारावंसं वाटतं, की मग पाटीवर 'पुनःप्रक्षेपण' लिहायला काय हरकत होती?

चित्रपटांच्या बाबतीत मात्र नाव बदलणं रास्त होतं. चारही चित्रपटांतले नट टीव्हीतल्यांहून वेगळे. ते टीव्हीला विकताना 'बिग टाउन आफ्टर डार्क'चं 'अंडरवर्ल्ड आफ्टर डार्क' झालं, उरलेल्यांच्या नावातूनही गाव गेलं.

नंतरच्यांची गत फार बरी नव्हती. १९५६ची 'वायर सर्व्हिस' तीन बातमीदारांना आलटून पालटून पाठवत वर्षभर चालली. १९६४ची 'द रिपोर्टर' सप्टेंबरात आली आणि नाताळ बघायला उरली नाही. खरा बदल केला तो १९७७च्या 'लू ग्रँट'ने. एका विनोदी मालिकेतला टीव्ही-बातम्यांचा तिरसट बॉस उचलून लॉस एंजेलिसच्या वर्तमानपत्रात आणून बसवला आणि तासाभराची गंभीर मालिका केली. इथले बातमीदार पिस्तूलवाल्यांच्या मागे कमी धावतात. ही बातमी छापावी का, यावर वाद जास्त घालतात. १९८२ला ती बंद झाली तेव्हा कारण प्रेक्षक घटल्याचं दिलं गेलं. मुख्य नटाने मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरच्या यादवीत अमेरिकी सरकारच्या धोरणाविरुद्ध घेतलेली जाहीर भूमिका भोवली, असं मानणारेही होते आणि आहेत. मी या मानणाऱ्यांच्या बाजूचा.

'लू ग्रँट'च्या पहिल्या हंगामाची श्रेयनामावली बघण्यासारखी आहे. झाडावर पक्षी गातोय. झाड पडतं, त्याचा कागद होतो, कागदावर वर्तमानपत्र छापलं जातं, ते कुणाच्या तरी दारात येऊन पडतं. आणि शेवटी पिंजऱ्यातल्या पक्ष्याखाली अंथरलं जातं.