पाळी चुकण्याआधी शरीर काही सांगतं का?

पाळीची तारीख यायला अजून पाच-सहा दिवस असतात आणि मनात शंका सुरू होते. छाती जड वाटते, दुपारी डोळे मिटायला लागतात, पोट फुगल्यासारखं होतं, सकाळचा चहा नकोसा होतो. ज्यांना मूल हवं आहे त्या प्रत्येक गोष्टीत आशा शोधतात, ज्यांना आत्ता नको आहे त्या धास्तावतात. एखादी मैत्रीण छातीठोकपणे सांगते, "मला तर तेव्हाच कळलं होतं." थोरल्या जाऊबाईंना म्हणे चेहऱ्यावरूनच ओळखता येतं. या बायकांना जे जाणवतं ते खरंच असतं, त्यात मनाचे खेळ नसतात. पण पाळी चुकण्याआधीच्या आठवड्यात जाणवणाऱ्या या गोष्टींवरून दिवस गेलेत की नाही हे ओळखता येत नाही. तसं का, हे एकदा नीट समजलं की दर महिन्याची घालमेल बरीच कमी होते.

पाळीचं चक्र 28 दिवसांचं धरलं, तर साधारण चौदाव्या दिवशी अंडाशयातून स्त्रीबीज बाहेर पडतं. ते जेमतेम एक दिवस टिकतं. शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत तग धरतात. दोघांची गाठ पडते ती बीजवाहिनीत, गर्भाशयात नाही. फलित झालेलं बीज एकाचे दोन, दोनाचे चार असं विभागत चार-पाच दिवसांत गर्भाशयात उतरतं, थोडा काळ तिथे मोकळंच असतं आणि मग अस्तरात रुजायला लागतं. रुजेपर्यंत त्याचा आईच्या रक्ताशी संबंधच आलेला नसतो. म्हणजे फलन झालेल्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी आईला काही "कळणं" शक्य नाही.

हे रुजणं नेमकं कधी होतं? 1980च्या दशकात अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनामध्ये मूल हवं असलेल्या 221 स्त्रियांनी रोज सकाळची लघवी जमा करून ठेवली. अ‍ॅलन विलकॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यातली संप्रेरकं (हार्मोन्स) दिवसागणिक मोजली. 1999 साली त्यांनी मांडलेल्या निष्कर्षांनुसार, टिकलेल्या गर्भांपैकी 84 टक्के गर्भ बीज बाहेर पडल्यापासून आठव्या, नवव्या किंवा दहाव्या दिवशी रुजले होते. सगळ्यात लवकर रुजलेला सहाव्या दिवशी आणि सगळ्यात उशिरा रुजलेला बाराव्या दिवशी. 28 दिवसांच्या चक्रात हा मधला काळ पाळीच्या तारखेच्या चार ते सहा दिवस आधी येतो. गर्भाकडून पहिला निरोप निघतो तोच मुळी इतक्या उशिरा.

मग त्याआधीचं छातीचं दुखणं, थकवा, फुगलेलं पोट कुठून येतं? प्रोजेस्टेरॉनकडून. स्त्रीबीज बाहेर पडलं की अंडाशयातल्या त्या रिकाम्या जागी पीतपिंड नावाची छोटी ग्रंथी तयार होते आणि ती प्रोजेस्टेरॉन स्रवू लागते. सुमारे आठवड्याभराने त्याचं प्रमाण सर्वांत जास्त असतं, म्हणजे बरोबर त्या दिवसांत, जेव्हा आपण लक्षणं शोधत असतो. हे संप्रेरक स्तनांमध्ये जडपणा आणतं, आतड्यांची हालचाल मंदावतं, सुस्ती आणतं, शरीराचं तापमान किंचित वाढवतं. गर्भ राहिला असो वा नसो, पीतपिंड हे काम दर महिन्याला करतं. त्यामुळे पाळी येण्याआधीची लक्षणं आणि "गोड बातमी"ची म्हणून सांगितली जाणारी लक्षणं अगदी सारखी असतात. ज्या महिन्यात पाळी येते त्या महिन्यातल्या खुणा आपण विसरून जातो आणि ज्या महिन्यात दिवस राहतात त्या महिन्यातल्या लक्षात ठेवतो. मैत्रिणीच्या त्या ठाम सांगण्यामागे बहुतेकदा हेच असतं.

पीतपिंडाचं आयुष्य जेमतेम दोन आठवड्यांचं. ते सुकलं की प्रोजेस्टेरॉन घसरतं, अस्तराचा आधार जातो आणि पाळी येते. रुजलेल्या गर्भाला टिकायचं असेल तर हे थांबवायला हवं. त्यासाठी त्याच्या बाहेरच्या पेशी, ज्यांच्यापासून पुढे वार तयार होते, एक संप्रेरक आईच्या रक्तात सोडतात. त्याचं लांबलचक नाव ह्यूमन कोरिऑनिक गोनॅडोट्रोपिन, रोजच्या बोलण्यात एचसीजी. ते पीतपिंडाला सुकू देत नाही. पीतपिंड जगतं, प्रोजेस्टेरॉन पाझरत राहतं, अस्तर शाबूत राहतं आणि पाळी येत नाही. पाळी चुकणं हे म्हणूनच सगळ्या लक्षणांमधलं पहिलं भरवशाचं लक्षण आहे. बाकीची लक्षणं दर महिन्याच्याच संप्रेरकाची असू शकतात, हे मात्र गर्भाने घडवून आणलेलं असतं. अर्थात पाळी चुकायला दुसरीही कारणं असतात: ताण, आजारपण, वजनातला मोठा फरक, थायरॉइड, पीसीओडी.

पाळीच्या सुमारास थोडासा डाग लागला की "गर्भ रुजला म्हणून रक्त गेलं" असं हल्ली सर्रास सांगितलं जातं. त्याच नॉर्थ कॅरोलायनाच्या नोंदींत ही समजूतही तपासली गेली. टिकलेल्या गर्भारपणांत सुरुवातीच्या आठवड्यांत थोडंफार रक्त गेलेल्या स्त्रिया साधारण 9 टक्के होत्या, आणि ते रक्त रुजण्याच्या दिवशी गेल्याचं दिसलं नाही. म्हणजे डाग लागला म्हणून दिवस गेलेत असं धरू नये आणि लागला नाही म्हणून आशाही सोडू नये.

खरी, जोरदार लक्षणं पाळी चुकल्यानंतर हळूहळू सुरू होतात. मळमळ आणि कोरड्या ओकाऱ्या बहुतेकींना पाचव्या-सहाव्या आठवड्यात लागतात, नवव्याच्या आसपास सगळ्यात वाईट असतात आणि साधारण तिसरा महिना सरता सरता ओसरतात. फक्त सकाळीच होतात असंही नाही. कुणाला संध्याकाळी फोडणीचा वास आला की स्वयंपाकघरात उभं राहवत नाही. या मळमळीला "मनावर घेतलंय" म्हणून हिणवण्याची रीत आपल्या घरांमधून आणि काही दवाखान्यांमधूनही चालत आली आहे. ती आता तरी थांबायला हवी. मार्लेना फेज्झो या अमेरिकी संशोधिकेला स्वतःच्या गरोदरपणात असह्य ओकाऱ्यांचा त्रास झाला होता आणि त्यात तिचं बाळ गेलं. पुढे तिने याच विषयाचा ध्यास घेतला. डिसेंबर 2023 मध्ये केंब्रिजच्या स्टीफन ओराहिली यांच्यासह तिने दाखवून दिलं की, यामागचं एक मोठं कारण जीडीएफ15 नावाचं संप्रेरक आहे. गर्भ आणि वार ते मोठ्या प्रमाणात आईच्या रक्तात सोडतात आणि ते मेंदूतल्या मळमळ जागवणाऱ्या भागावर काम करतं. गरोदर राहण्यापूर्वी जिच्या रक्तात ते कमी असतं, तिला ही अचानक झालेली वाढ जास्त बाधते. यात मनाच्या कमकुवतपणाचा काही संबंध नाही. पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल, लघवी कमी होत असेल, वजन घटत असेल, तर "असं होतंच" म्हणून घरी बसवू नये, डॉक्टरांकडे न्यावं.

याच सुमारास स्तनाग्रांभोवतीचा भाग गडद होतो, त्यावरचे बारीक उंचवटे उठून दिसतात. लघवीला वारंवार जावं लागतं, कारण मूत्रपिंडांमधून गाळल्या जाणाऱ्या रक्ताचं प्रमाण पहिल्या काही आठवड्यांतच वाढू लागतं. काहींना यातलं काहीच होत नाही आणि त्यांचंही गरोदरपण उत्तम पार पडतं.

आता चाचणीकडे येऊ. एचसीजी लघवीत उतरतं हे शंभरेक वर्षांपासून माहीत आहे. बर्लिनमध्ये सेल्मार आशहाइम आणि बर्नहार्ड झोंडेक यांनी 1927-28 च्या सुमारास बसवलेल्या चाचणीत स्त्रीची लघवी उंदरांच्या पिल्लांना टोचत, मग त्यांना मारून त्यांची अंडाशयं तपासत. उत्तर मिळायला काही दिवस लागायचे. पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या एका नखवाल्या बेडकाचा उपयोग सुरू झाला. गरोदर स्त्रीची लघवी टोचली की मादी बेडूक काही तासांत अंडी घालायची. बेडकीला मारावं लागत नसे, त्यामुळे तीच पुन्हा वापरता यायची. 1960 पासून प्रतिपिंडांवर, म्हणजे ठरावीक पदार्थालाच पकडणाऱ्या प्रथिनांवर, आधारलेल्या चाचण्या आल्या आणि प्राण्यांची सुटका झाली. तरीही उत्तर आधी डॉक्टरांना कळायचं, मग बाईला. 1967 मध्ये मार्गारेट क्रेन ही ग्राफिक डिझायनर न्यू जर्सीतल्या एका औषध कंपनीत काम करत होती. तिथल्या प्रयोगशाळेत या चाचणीच्या नळ्या ओळीने मांडलेल्या तिने पाहिल्या आणि हे तर बाईला घरीसुद्धा करता येईल, असं तिला वाटलं. तिने घरगुती संच तयार केला, कंपनीतल्या पुरुषांचा विरोध झाला आणि अमेरिकी दुकानांत अशी चाचणी यायला जवळपास दहा वर्षं गेली. ही कल्पना मला गर्भाच्या शोधांइतकीच मोठी वाटते. आपल्या शरीराची बातमी सर्वांत आधी आपल्याला कळावी, हा हक्क त्यातून बायकांना मिळाला.

आज औषधाच्या दुकानात मिळणारं किट म्हणजे प्लास्टिकची चपटी डबी, त्यात कागदासारखी पट्टी आणि सोबत एक ड्रॉपर. खळग्यात दोन-तीन थेंब टाकले की लघवी पट्टीतून पुढे झिरपत जाते. वाटेत तिला सोन्याचे अतिसूक्ष्म कण भेटतात. सोनं इतकं बारीक झालं की ते पिवळं न दिसता लाल दिसतं. या कणांना एचसीजी पकडणारी प्रतिपिंडं चिकटवलेली असतात. लघवीत एचसीजी असेल तर ते या कणांना धरून पुढे जातं आणि "टी" या अक्षरापाशी बसवलेल्या दुसऱ्या प्रतिपिंडांत अडकतं. असे असंख्य कण एका ओळीत अडकले की लालसर रेघ उमटते. "सी"पाशी उमटणारी रेघ फक्त पट्टी नीट चालली एवढंच सांगते. ती उमटली नाही तर ती चाचणी बाद. बहुतेक किटमधली रेघ खरोखरच सोन्याची असते, हे मला फार सुंदर वाटतं.

"टी"ची रेघ फिकट असली तरी ठरलेल्या वेळेत दिसली तर ती होकारार्थीच समजायची आणि दोन दिवसांनी पुन्हा बघायची. सुरुवातीला एचसीजी साधारण दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट होतं, त्यामुळे रेघ ठळक व्हायला हवी. मात्र पट्टी तासाभराने कचऱ्याच्या डब्यातून काढून पाहिली आणि तिथे राखाडी सावली दिसली, तर तिला अर्थ नाही, ती वाळल्याची खूण असते. घाई केली तर उत्तर फसवं येऊ शकतं. विलकॉक्स यांच्याच नोंदींवरून 2001 मध्ये असं दिसलं की, स्त्रीबीज दर वेळी ठरल्या दिवशीच बाहेर पडत नसल्याने पाळीच्या अपेक्षित दिवशी सुमारे 10 टक्के गर्भ अजून रुजलेलेच नसतात, मग चाचणी कितीही संवेदनशील असो. आठवडाभर थांबलं तर 97 टक्क्यांपर्यंत गर्भ ओळखता येतात. सकाळची पहिली लघवी घ्यायला सांगतात ती अधिक दाट असते म्हणून. आणि साखर, मीठ, टूथपेस्टमध्ये लघवी घालून बघण्याचे जे व्हिडिओ फिरतात, त्यांना काहीही आधार नाही. टूथपेस्टमधल्या खडूसारख्या क्षारावर आम्ल पडलं की फेस येतो. पुरुषाच्या लघवीनेही येईल. गावात आशाताईंकडे "निश्चय" नावाचं किट मोफत मिळतं, ते मागावं.

आणखी एका गोष्टीवरून घराघरांत गैरसमज होतात. पाळी चुकल्याबरोबर दवाखान्यात गेलं तर डॉक्टर "चार आठवडे झाले" म्हणतात. नवरा मनात हिशेब करतो, लग्नाची किंवा तो गावाहून परतल्याची तारीख आठवतो आणि कुठेतरी संशयाची ठिणगी पडते. गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायची जगभर पद्धत आहे, कारण तीच तारीख सांगता येते. त्यामुळे गर्भाचं खरं वय नेहमी साधारण दोन आठवड्यांनी कमी असतं. सोनोग्राफीच्या कागदावरचे आठवडेही याच हिशेबाने छापलेले असतात. हे सांगायला डॉक्टरांना अर्धा मिनिट लागेल, आणि ते नवऱ्यासमोर सांगितलं पाहिजे.

लवकर कळण्याचा फायदा या हिशेबातच दडलेला आहे. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात ती नळी फलनानंतर 28 दिवसांच्या आत मिटते. डॉक्टरांच्या मोजणीने तो सहावा आठवडा, म्हणजे पाळी चुकल्यावर अवघे दोन आठवडे. ती नीट मिटायला फॉलिक अ‍ॅसिड लागतं. रोज 400 मायक्रोग्रॅमची गोळी म्हणून तर दिवस राहण्याआधीपासूनच घ्यायला सांगतात. मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन, फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट अशा काही औषधांचा धोकाही याच आठवड्यांत मोठा असतो. पण फिट्सचं औषध मनानेच बंद करू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावं. गर्भ नको असेल तरीही वेळ महत्त्वाचा. आपल्याकडे कायद्याने 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो आणि 2021च्या दुरुस्तीनंतर ठरावीक परिस्थितीत दोन डॉक्टरांच्या मताने 24 पर्यंत. सुरुवातीच्या आठवड्यांत तो सर्वांत सुरक्षित असतो.

ज्यांची पाळी मुळातच अनियमित आहे, ज्या अंगावर पाजत आहेत किंवा ज्यांची पाळी जायला आली आहे, त्यांना "चुकली" हे कळतच नाही. बाळंतपणानंतर पहिली पाळी येण्याआधीच पुन्हा दिवस राहू शकतात, कारण स्त्रीबीज पाळीच्या आधी बाहेर पडतं. अशांनी शंका आली की, संबंध आल्यापासून तीन आठवडे झाल्यावर चाचणी करावी.

दोन रेघा आल्या म्हणजे एचसीजी आहे, एवढंच कळलं. गर्भ कुठे रुजलाय ते पट्टी सांगू शकत नाही. शंभरातल्या एक-दोन गरोदरपणांत तो बीजवाहिनीतच रुजतो आणि वाढता वाढता ती फोडू शकतो. तेव्हाही पट्टीवर दोनच रेघा येतात. चाचणी होकारार्थी असताना ओटीपोटात एका बाजूला दुखत असेल, अंगावरून रक्त जात असेल, चक्कर येत असेल किंवा खांद्याच्या टोकाला विचित्र दुखत असेल, तर सकाळची वाट बघू नका. पोटात साचलेल्या रक्ताने श्वासपटलाखाली टोचू लागलं की दुखणं खांद्यात जाणवतं आणि बायका ते कामाने अंग दुखतंय म्हणून सोडून देतात. तडक अशा रुग्णालयात जा जिथे सोनोग्राफी आणि शस्त्रक्रियेची सोय आहे, आणि दारातच सांगा की पाळी चुकली आहे.